खाली ठेवा

वसंतराव पाटणकर विमा कंपनीत दावे नाकारायचं काम करत. कागदोपत्री ते दावे मंजूर करणारे अधिकारी होते, पण जयपूरच्या झालाना भागातल्या त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, की फाइल पाटणकरसाहेबांच्या टेबलावर गेली की तिचं काही खरं नाही. "अर्ज में आपनेही 'हाँ' लिखा ना? खाली सही आपकाच है ना? फिर अब क्यों चिल्लाते?" हे ते दिवसातून चार वेळा म्हणत. विचार मराठीत आणि बोलणं सांगलीच्या हिंदीत. समोरचा माणूस ती हिंदी ऐकून क्षणभर बावचळे. वसंतराव ते बावचळणं त्याच्या अपराधीपणाची खूण समजत.

सांगली, नाशिक, नागपूर आणि आता जयपूर अशा त्यांच्या बदल्या झाल्या होत्या. जयपूरला येऊन दोन वर्षं होत आली, तरी शहराशी त्यांचं भांडण मिटलेलं नव्हतं. भाजीत तिखट कमी आणि तेल जास्त, उन्हाळा माणसाला भाजून काढणारा आणि इथली माणसं नको तितकी गोड बोलणारी. इतकं गोड बोलणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. तरी ते ओरडतच.

तर ह्या वसंतरावांनी मागच्या दिवाळीत आपल्या मुलीसाठी लॅपटॉप आणला. अवनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचे होते. खेळायचे नव्हे, बनवायचे. हा फरक तिनं वडिलांना सहा वेळा समजावून सांगितला होता आणि सहाही वेळा त्यांनी "तेच ते" म्हणून हात झटकले होते. जुना डेस्कटॉप सांगलीपासून चालत आलेला, त्याच्यानं आता ते काम होईना. नवीन मशीन हवं होतं. आणि अवनीला डेस्कटॉपच हवा होता.

"बाबा, तेवढ्याच किमतीत डेस्कटॉप दुप्पट ताकदीचा येतो," ती म्हणाली होती. "त्याच्या पेटीत हवा खेळते, म्हणून तो तापत नाही. एखादा भाग गेला तर तेवढाच बदलायचा. लॅपटॉपचं तसं नसतं. काहीही झालं की अख्खं मशीन उचलून दुकानदाराच्या हातात द्यावं लागतं."

"आणि बदली आली की?" वसंतराव म्हणाले. "नागपूरहून येताना ट्रकवाल्यानं मॉनिटरचा कोपरा फोडला, विसरलीस? बदलीच्या माणसानं जड वस्तू बाळगू नये. लॅपटॉप घेतला की पिशवीत घाल आणि चल. लाइट गेली तरी चालू. मांडीवर घेऊन गच्चीत बस, बागेत बस."

"तसल्या गेमच्या लॅपटॉपला मांडीवर नाही घेत हो, बाबा."

"मग त्याला लॅपटॉप म्हणतात कशाला?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून लॅपटॉप आला. चांगला मोठा, काळा कुळकुळीत, झाकणावर लाल पट्टे. वजन चार किलो आणि चार्जर विटेएवढा. मांडीवर ठेवला की दहा मिनिटांत मांडी भाजे. लाइट गेली की बॅटरीवर तो पाऊण तास चाले, आणि जयपूरची लाइट उन्हाळ्यात दीड तासासाठी जाई. आता ह्यात कुणाचं काय चुकलं? दुकानात कुणी हे सांगत नाही. दुकानात सगळे फक्त लाल पट्टे दाखवतात. वसंतरावांना ह्याचा संताप येई, पण तो दुकानदारावर, कंपनीवर आणि वीजखात्यावर. स्वतःवर येण्याचा प्रश्नच नव्हता.

फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक हुकूम सोडला. एका घरात दोन कॉम्प्युटर नकोत, जुना डेस्कटॉप भंगारवाल्याला द्या.

"बाबा, मी त्यात कॉपी ठेवते," अवनी म्हणाली. "माझं काम पेनड्राइव्हमध्ये मावत नाही."

"नवीन असताना जुन्यात कशाला ठेवायचं?" म्हणून वसंतराव ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी टेबलावर डेस्कटॉप नव्हता. शालिनीताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि वसंतरावांनीही विचारलं नाही. हुकूम पाळला गेला होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

मे महिन्यात लॅपटॉपनं मान टाकली. पारा चव्वेचाळीसवर. अवनीनं काम सुरू केलं, की वीस मिनिटांत आतला पंखा मिक्सरसारखा ओरडायचा आणि पडदा काळा व्हायचा. तिला पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं, की तुम्ही केलेला गेम चालू स्थितीत सोमवारपर्यंत पाठवा, तो पाहून नोकरीचं ठरवू. कॉलेजातल्या चाळीस जणांतून तिला एकटीलाच असं पत्र आलं होतं. गेम जवळजवळ पूर्ण होता. थोडी डागडुजी उरली होती, पण वीस-वीस मिनिटांत डागडुजी तरी कशी करायची?

वसंतरावांनी आपल्या परीनं उपाय केला. लॅपटॉप उचलून थेट डेझर्ट कूलरच्या तोंडाशी ठेवला. माणसाला गार वाटतं तर मशीनला का नाही वाटणार? तासाभरानं त्यावर पाण्याचा बारीक तुषार आणि वाळ्याचा चुरा बसला होता. अवनीनं ते पाहिलं आणि काही न बोलता टॉवेलानं पुसून काढलं. तिचं ते काही न बोलणं वसंतरावांना फार खटकलं. एवढं मुलांसाठी करायचं आणि कौतुकाचा एक शब्द नाही!

तिची शेवटच्या पेपरांची गडबड होती. म्हणून मुदतीच्या आधीच्या सोमवारी लॅपटॉप दुरुस्तीला न्यायचं वसंतरावांनी स्वतःकडे घेतलं.

"बाबा, नीट ऐका," अवनीनं दारात त्यांना थांबवलं. "फक्त आतून साफ करून द्यायला सांगा. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि काही विचारायचं असेल तर मला फोन करायला सांगा. हा माझा नंबर, चिठ्ठीवर लिहिलाय."

"हो, हो."

"काय सांगितलं मी?"

"अगं, मी काय लहान आहे?"

दुकान सी-स्कीम भागातल्या एका गल्लीत होतं. मालक भगवानजी, पन्नाशीचा शांत गृहस्थ, कानावर स्क्रूड्रायव्हर खोचलेला. त्यानं "पधारो हुकुम", म्हणजे या साहेब, म्हणून खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि लॅपटॉप घेऊन सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. खाली आठ-दहा मशीनं रचलेली, वर हा. वसंतराव खुर्चीतून उठलेच.

"अरे, ऊपर क्यों रखा? गिरेगा ना! खाली रखो, खाली!"

भगवानजी थबकला. "खाली, साब?"

"हाँ हाँ, खाली रखो. हमको पूरा खाली मंगता."

"देख लेंगे हुकुम, पहले खोल के देखते हैं," भगवानजी म्हणाला आणि कसलीशी पावती पुढे केली. वसंतरावांनी ती न वाचता सही केली. जो माणूस दिवसभर लोकांना न वाचता सही केल्याबद्दल झापत असे, त्यानं हे केलं. पावतीवर नंबर लिहायची वेळ आली तेव्हा खिशातली चिठ्ठी त्यांनी चाचपली आणि तिथंच राहू दिली. घरातल्या मुलीचा नंबर असा दुकानात द्यायचा? अवनीला काय कळतंय जगातलं! त्यांनी स्वतःचा नंबर दिला आणि सामान, म्हणजे पिशवी आणि विटेएवढा चार्जर, घेऊन घरी आले.

मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा समोर एक दावेदार रडकुंडीला आलेला होता.

"साब, भगवान बोल रहा हूँ. मशीन में गड़बड़ है, विंडो नई डालनी पड़ेगी. तो खाली कर दूँ ना इसको?"

वसंतरावांच्या डोळ्यांपुढे ती वरची फळी आली. अजून तिथंच ठेवलाय! "कल से बोल रहा हूँ! करो ना खाली!"

"अंदर का सामान कुछ चाहिए तो नहीं आपको?"

"सामान मेरे पास है. घर ले आया मैं."

"पक्का, हुकुम? पूरा खाली कर दूँ?"

"कितने बार पूछते? पूरा खाली करो!" वसंतरावांनी फोन आपटला आणि दावेदाराकडे वळले. "हाँ, तो खाली सही आपकाच है ना?"

गुरुवारी अवनीचे पेपर संपलेले होते. वसंतराव लॅपटॉप घेऊन आले तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं तो घेतला, टेबलावर ठेवला, सुरू केला. वसंतराव पायांतले बूट काढत होते. बूट ठेवून त्यांनी वर पाहिलं. अवनी पडद्यासमोर उभीच होती. पडद्यावर निळं आकाश, हिरवी टेकडी आणि एक कचऱ्याची टोपली, बस्स. बाकी काही नव्हतं.

"बाबा, माझं काम कुठंय?"

"म्हणजे?"

"सगळं पुसलंय. वर्षभराचं. सगळं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली. वसंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका संताप त्यांना आयुष्यात आला नव्हता, आणि त्यांना संताप बराच यायचा. लेकीच्या वर्षभराच्या कष्टांवर एका गोडबोल्या माणसानं बोळा फिरवावा? ग्राहक मंचात खेचतो त्याला! दुकानाला टाळं लावतो! काढलेले बूट त्यांनी परत चढवले. "चल," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चल."

रिक्षात ते झालान्यापासून सी-स्कीमपर्यंत बोलत होते. लॅपटॉप अवनीच्या मांडीवर होता. आणल्यापासून पहिल्यांदाच तो थंडगार होता.

दुकानात वसंतरावांच्या तोंडाचा पट्टा दहा मिनिटं चालला. शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. भगवानजी हात जोडून ऐकत होता. ते दम घ्यायला थांबले तेव्हा तो हळूच म्हणाला, "हुकुम, मैंने तो फोन करके पूछा था. खाली कर दूँ? आपने कहा, करो."

"हाँ! खाली करो बोला! पोंछ डालो नहीं बोला!"

भगवानजीनं आधी त्यांच्याकडे, मग अवनीकडे पाहिलं. "साब तो पहले ही दिन बोल के गए थे, बिटिया. खाली रखो, पूरा खाली मंगता. मुझे अजीब लगा, इसलिए फोन किया. तीन बार पूछा. अंदर के सामान का भी पूछा."

अवनीनं डोळे मिटले. दोन वर्षांत तिची हिंदी जयपूरच्या मुलींसारखी झाली होती. वडिलांची दुकानातली वाक्यं तिला तिथं नसतानाही आता जशीच्या तशी ऐकू आली.

"बाबा," ती म्हणाली, "हिंदीत खाली म्हणजे रिकामं. ते विचारत होते, रिकामा करू का? तुम्ही तीन वेळा हो म्हणालात."

वसंतरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग परत उघडलं, कारण त्या तोंडाला बंद राहायची सवय नव्हती. "म्हणजे... मला काय माहीत? ह्यानं तुला विचारायला नको होतं?"

"कुठल्या नंबरवर विचारणार?"

भगवानजीनं गल्ल्याखालून पावती काढून समोर ठेवली. अंदर के डेटा की ज़िम्मेदारी ग्राहक की, असं छापलेलं. त्याखाली पाटणकरांची वळणदार सही, आणि त्यांचाच नंबर. वसंतरावांनी नकळत शर्टाच्या खिशाला हात लावला. चिठ्ठी अजून तिथंच होती, घामानं मऊ झालेली.

पुसलेलं परत आणता येईल का, असं अवनीनं विचारलं. भगवानजी म्हणाला, त्यावर नवीन सगळं भरलंय, एक ओळखीचा माणूस प्रयत्न करेल, पण आठ-दहा दिवस लागतील आणि भरवसा नाही. मशीन साफ करायचे पैसे त्यानं आधी घेतलेले होते, ते काढून त्यानं अवनीपुढे ठेवले. तिनं ते परत सरकवले. "आपकी गलती नहीं है, अंकल," ती म्हणाली. हे 'आपकी' तिनं भगवानजीला म्हटलं, पण लागलं दुसऱ्याच माणसाला.

घरी येताना रिक्षात वसंतराव गप्प होते. राग संपला नव्हता. इतका मोठा राग असा संपत नाही. त्याला फक्त आता जायला जागा नव्हती. ट्रकवाला, दुकानदार, वीजखातं, भगवानजी, सगळ्यांची दारं बंद झाली, आणि तो फिरून फिरून एकाच माणसापाशी येऊन उभा राहत होता. स्वतःचा इतका संताप येऊ शकतो, हे त्यांना छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं.

शालिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या माळ्याकडे बोट केलं. "तो डेस्कटॉप वर आहे," त्या म्हणाल्या. "मी भंगारात दिला नव्हता."

"मी सांगितलं होतं ना, द्या म्हणून?" वसंतरावांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"सांगितलं होतंत. अवनी नको म्हणत होती, ते मी ऐकलं."

अवनी उठून उभी राहिली. "त्यात फेब्रुवारीपर्यंतची कॉपी आहे! आई, त्यात अर्धं काम आहे!"

वसंतराव स्टूल घेऊन स्वतः माळ्यावर चढले. पातेली, जुना कूलरचा पंखा, गादीचं ओझं बाजूला सारून त्यांनी ती अवजड पेटी ओढत कडेला आणली. धुळीनं त्यांचा सदरा पांढरा झाला. पेटी दोन्ही हातांत धरून ते वळले.

"अवनी, घेऊ का खाली?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचे कान तापले.

अवनीनं वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मराठीत घ्या," ती म्हणाली.

फुटक्या कोपऱ्याचा मॉनिटर जोडला. डेस्कटॉप घरघरत, रखडत, एकदाचा सुरू झाला. लॅपटॉपच्या ताकदीचा तो नव्हताच. अवनीनं बाजूचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं काढून टाकलं आणि उघड्या पेटीसमोर साधा टेबलफॅन लावला. "हळू चालेल, पण चालत राहील," ती म्हणाली. "चार दिवस आहेत. उरलेलं परत करते. लहान करावा लागेल गेम, पण करते."

वसंतराव मागं खुर्ची घेऊन बसले. जा म्हणाली असती तर गेले असते, पण ती काही म्हणाली नाही. पडद्यावर त्यांचीच कॉलनी उमटली. ती पिवळी क्वार्टर्स, पाण्याची टाकी, मागं झालान्याचं जंगल. जंगलातून एक बिबट्या हळूच बाहेर आला. वर्षभर हा गेम ह्याच घरात बनत होता आणि तो काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"ह्यात काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"बिबट्या पाणी प्यायला कॉलनीत येतो. कुणाला न कळता टाकीपर्यंत जाऊन परत जायचं. लोक फिरत असतात, त्यांना दिसला किंवा ऐकू आला की संपलं."

बिबट्या भिंतीला चिकटून सरकत होता. एक बाई कपडे वाळत घालत होती. आवाज झाला तशी तिनं मान वळवली आणि बिबट्या दबा धरून बसला. मग वळणावर एक गृहस्थ आले. अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र, आणि कुणाला तरी उद्देशून एकसारखे हातवारे. बिबट्या त्यांच्या पाठीमागून डबे पाडत, धडाधडा पळत गेला. गृहस्थांनी मान वळवली नाही. हातवारे चालूच होते.

"ह्याला ऐकू येत नाही का?" वसंतरावांनी विचारलं.

अवनी थांबली. तिनं गेम बंद करून आतला तक्ता उघडला. प्रत्येक माणसापुढे दोन आकडे होते, एक नजरेचा आणि एक कानांचा. कपडे वाळत घालणारी बाई, नजर पाच, कान नऊ. हातवारे करणारे काका, नजर आठ, कान शून्य.

"गंमत म्हणून केलं होतं, बाबा," ती घाईघाईनं म्हणाली. तिचं बोट त्या शून्यावर गेलं. "थांबा, बदलते."

वसंतरावांनी पुढे वाकून तो आकडा पुन्हा वाचला. कितीतरी दाव्यांवर त्यांनी 'नामंजूर' लिहिलं होतं. ह्या एका कागदावर त्यांना काहीच हरकत घेता येईना.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर आहे ते." मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "आता पुढचं सांग. मी ऐकतोय."